सात नंबरची खुंटी

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून लिहून ठेवणार आहे. ही डायरी डॉक्टरीणबाईंनी ब्लडप्रेशरचे आकडे लिहायला सांगितले म्हणून घेतली होती. पण ब्लडप्रेशर कशाने वाढतं ते लिहिलेलं जास्त बरं. उद्या कोणी उलट बोललं तर मला तारीख-वार दाखवता आला पाहिजे.

सकाळी खोलीतला कॉम्प्युटर लावला. त्याच्या आतली डिस्क चार वर्षांपूर्वीच मेली. तेव्हापासून बाहेरून एक काळा डबा वायरने जोडतात, साबणाच्या वडीएवढा. त्या डब्यावरच कॉम्प्युटर चालू होतो आणि आमच्या गावच्या मंडळाचं सगळं त्यातच असतं. बटण दाबलं की आधी जुगाईदेवीचा फोटो येतो. आज आला नाही. काळा पडदा आणि वरच्या कोपऱ्यात इंग्रजीची एक ओळ. बंद केला, परत लावला, वायर काढून फुंकर मारली. सात वेळा तेच.

शनिवारी हितेंद्र डबा घरी घेऊन गेला होता. काल संध्याकाळी आणून ठेवला. म्हणजे दीड दिवस डबा त्याच्या ताब्यात होता. आज एवढंच लिहितो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

हे कधी परक्या माणसाच्या हातात पडलं तर त्याला कळावं म्हणून आधी खोलीचं सांगतो.

लालबागमधली ही आमच्या कोंडतळे गावाची खोली. गिरणीत कामाला आलेल्या गावच्या माणसांनी एकत्र येऊन घेतली, माझ्या जन्माच्याही आधी. भिंतीला बावीस खुंट्या आहेत. एका माणसाची एक खुंटी, तिच्याखाली एक ट्रंक आणि झोपायला एका वळकटीची जागा. कुठली खुंटी कुणाची ते वहीत लिहिलेलं असतं. वहीच्या पहिल्या पानावर जुगाईचं नाव. दर दसऱ्याला वहीची पूजा होते, तेव्हा हजर राहायचं. लागोपाठ तीन दसरे जो आला नाही त्याचं नाव कमी.

मी सात नंबरच्या खुंटीवर आहे. आता खोलीत कायम राहणारे आम्ही दोघेच, मी आणि रामू गोताड. इमारत पाडून नवीन बांधणार आहेत. वीस तारखेपर्यंत मंडळाने यादी द्यायची, वहीच्या पानांसकट. ज्याचं नाव पानावर, त्याची नवीन इमारत होईपर्यंत दुसरीकडे सोय आणि नंतर नव्या खोलीत जागा. ज्याचं नाव नाही, त्याने वळकटी उचलायची. गावाला गेलो तर माझ्या डोळ्यांच्या काचबिंदूचं कोण बघणार? दर महिन्याला परळला दाखवावं लागतं. मुंबईत मला ही एक खुंटीच आहे.

आणि वहीची पानं आहेत त्या डब्यात.

हितेंद्र आमच्या मंडळाचा सेक्रेटरी. कुशाबा रहाट्याचा मुलगा. कुशाबा आता हयात नाही. माझगावला डॉकयार्डात नोकरी, घर मुलुंडला. त्याला फोन लावला. म्हणाला, "काका, माझीच चूक झाली. व्हिडिओ साडेपाच जीबीचा झाला. डब्याची मांडणी जुन्या पद्धतीची होती, फॅट थर्टीटू म्हणतात. त्यात चार जीबीच्या वरची एक फाईल बसतच नाही. म्हणून ती बदलून एनटीएफएस केली. सामान कुठे जात नाही हो त्यात. पण कॉम्प्युटर सुरू व्हायचा तो त्या जुन्या मांडणीवर, हे माझ्या लक्षातच नाही आलं."

मी विचारलं, कसला व्हिडिओ.

"तुमचाच. दसऱ्यानंतर घेतला नाही का मी, दोन तास बोललात तो."

म्हणजे शेवटी दोष माझ्यावर आला. तेव्हाच मला शंका आली होती. समोर मोबाईल ठेवून, "काका, गिरणीचं सांगा, संपाचं सांगा, खोलीत कसे राहायचात ते सांगा." फुकट कोण ऐकतो म्हाताऱ्याचं?

शेवटी म्हणाला, "टेन्शन घेऊ नका. मूळ वही आहे ना? ती असली की झालं, परत स्कॅन करू."

मी म्हटलं, मंडळाच्या पेटीत असेल, बघतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

रामू कुठल्याशा टॉवरवर वॉचमन आहे, सकाळी येऊन दुपारपर्यंत झोपतो. मी डबा कॉम्प्युटरपासून सोडवून फडक्यात गुंडाळला, स्टीलच्या टिफिनमध्ये घातला आणि टिफिन माझ्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. वाटलं झोपलाय. तर चादरीतून म्हणतो, "गंगाधरबाबा, डब्यात काय, सुकट?"

"तू झोप."

"झोपतो. पण माझ्या डब्याला कुलूप नको लावू हां. त्यात भाकरी आहे."

हा कोणाला काही बोलणार नाही असं वाटतं. पण हितेंद्राने याच्या मुलीला कुठेतरी नोकरीला चिकटवून दिलंय. ते विसरून चालणार नाही.

हिचा गावाहून फोन आला. आवाजावरून ओळखलं तिने. सगळं सांगितलं तर म्हणाली, "कुशाबा भावोजींचा पोर असा करायचा नाय. तुमच्या डोक्यात काय ना काय तरी लागताच."

मी म्हटलं, तुला मुंबईचं काय माहीत.

"मुंबईचा नसंल म्हायत. भावोजींचा हाय. त्या साली ते हितं आलेले तवा..."

मी रेंज जाते म्हणून फोन ठेवला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

डायरीत तरी खरं लिहिलं पाहिजे. वही पेटीत नाही.

तीन वर्षांपूर्वी वहीला वाळवी लागली. पुठ्ठा गेला, कडा गेल्या. हितेंद्राने चार रविवार बसून एकेक पान स्कॅन केलं आणि वही लाल फडक्यात बांधून माझ्याकडे दिली. जपून ठेवा म्हणाला. मी दोन महिने जपली. मग माझ्या सदऱ्याला वाळवी दिसली. आता देवीचं नाव असलेली, पन्नास-साठ दसरे हळदकुंकू लागलेली वही रद्दीत कशी द्यायची? फाडायची कशी? अनंत चतुर्दशीला वाडीतल्या लोकांबरोबर गिरगाव चौपाटीवर गेलो, तिला निर्माल्याच्या पिशवीत घातलं आणि कंबरभर पाण्यात जाऊन सोडली. हात जोडले. माझ्या मते मी चांगलंच काम केलं. सगळं डब्यात आलंय म्हणाला होता ना?

मी कोणाला विचारलं नाही. सांगितलंही नाही. दसऱ्याला वाळवीचं कारण सांगून बंद पेटीचीच पूजा करतो. कोणी विचारलंच नाही तर सांगणार कसं?

आता हितेंद्र परत परत वही मागतो. कदाचित त्याला कळलं असेल. मुद्दाम डबा बिघडवून माझ्याच तोंडून काढायचं असेल.

९ नोव्हेंबर, रविवार

हितेंद्र सकाळी दहालाच आला. टिफिनमधून डबा काढताना मी पाठ करून उभा राहिलो तरी त्याला दिसलंच. 

तीन तास खटपट केली. वायर पुढच्या भोकात, मग मागच्या भोकात. निळ्या पडद्यावर जाऊन कुठलीशी यादी वरखाली केली, आधी डबा मग बाकीचं. दर वेळी तोच काळा पडदा. मग स्वतःच्या लॅपटॉपला डबा लावला. तिथे तो दिसला. मला म्हणाला, "हे बघा काका, आहे सगळं. पण वहीची पानं या एका मोठ्या फाईलच्या पोटात आहेत. ती फाईल माझ्या लॅपटॉपला उघडता येत नाही. जुना कॉम्प्युटर त्याच्या पद्धतीने सुरू झाला तरच उघडणार."

मला एक फाईल दिसली, लांब नावाची. माझा व्हिडिओसुद्धा दिसला. तो एका टिचकीत उघडला. माझं तोंड आलं पडद्यावर, बोलतंय. नको त्या गोष्टी लगेच उघडतात.

"तुम्ही वही काढा ना," तो म्हणाला. "वीस तारखेला अजून वेळ आहे, पण उगाच कशाला."

"किल्ली सापडत नाही त्या पेटीची."

रामू पडल्या पडल्या बोलला, "गळ्यात आहे ती कसली मग?"

मी म्हटलं, ती दुसरी. हितेंद्र माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. नंतर म्हणाला, लालबागच्याच गल्लीत दर्शना म्हणून एक बाई आहेत, डॉकयार्डातल्या लोकांच्या डिस्क त्याच दुरुस्त करतात. तो डबा घेऊन निघाला होता. मी सोडला नाही. म्हटलं, मी स्वतः नेईन.

"न्या की," म्हणाला. जरा जोरातच म्हणाला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दर्शनाबाईंचं दुकान जिन्याखाली आहे. चाळिशीच्या आत-बाहेरच्या असतील. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, टेबलावर उघडी पडलेली यंत्रं. मी जाताच म्हणाल्या, "पाष्टेकाका ना? हितेंद्रदादांचा फोन आला होता."

म्हणजे दोघांचं आधीच बोलणं झालंय.

मी सांगितलं, डबा इथे सोडून जाणार नाही, समोर बसणार. म्हणाल्या, बसा. त्यांनी वायरीच्या भोकात बॅटरीचा उजेड मारला, बारीक चिमटा घातला आणि कागदावर काहीतरी काढलं. अर्धा तांदळाचा दाणा आणि थोडं लाल.

"हे काय हो काका?"

मला कानकोंडं झालं. वही गेली म्हणजे आता डबाच वही, म्हणून या दसऱ्याला मी त्याला हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या होत्या. मागाहून टाचणीने साफ केलं होतं. नऊ दिवस माझ्या मनात हेच होतं, की बिघाड माझ्या कुंकवाने झाला असेल. हे मी इथेही लिहिलं नव्हतं.

त्यांनी सांगितलं, "यामुळे नाही बिघडला. तरी पुढच्या वर्षी कुंकू डब्याच्या खोक्याला लावा." मग पेन घेऊन समजावलं. "तुमच्या खोलीत समजा रातोरात सगळ्या खुंट्यांचे नंबर बदलले. ट्रंका जिथल्या तिथे आहेत. पण बाहेरून येणाऱ्याला जुना नंबर पाठ आहे. तो दारात उभा राहून म्हणतो, इथे कोणीच नाही. कॉम्प्युटरचं तसं झालंय."

यांना आमच्या खुंट्या कुणी सांगितल्या?

त्या म्हणाल्या, आधी पूर्ण डब्याची नक्कल काढू, दुसऱ्या डिस्कवर. नक्कल असल्याशिवाय मी मूळ डब्याला हात लावत नाही. त्याला दीड दिवस लागेल, ठेवून जा.

नक्कल म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. यांच्याकडे एक नक्कल, हितेंद्राकडे एक, मग माझ्या हातात राहिलं काय? डबा उचलला, टिफिनमध्ये घातला आणि घरी आलो. त्यांनी अडवलं नाही. एवढंच म्हणाल्या, "काका, एकच प्रत असणं हाच तुमचा खरा आजार आहे."

१२ नोव्हेंबर, बुधवार

ब्लडप्रेशर १७०/१००. हितेंद्राचे चार फोन. उचलले नाहीत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

डबा उघडला नाही म्हणून मी घाबरलोय. पण उघडला तर काय, याला जास्त घाबरलोय. आज हे लिहितो.

संपात गिरणी बंद पडली, तसा मी गावी गेलो. बीएस्सी झालेले लोक रस्त्यावर आले होते, मी तर चौथी शिकलेला. तीन दसरे आलो नाही. नियमाप्रमाणे नाव कमी झालं, माझ्या जुन्या खुंटीवर दुसरा आला. पंच्याऐंशी साली हात हलवत परत आलो, तेव्हा दाराबाहेर ट्रंक घेऊन बसलो होतो. बावीस खुंट्या, बावीस माणसं. कुशाबा बाहेर आला, माझी ट्रंक उचलून सातच्या खाली ठेवली. सात त्याचीच होती. म्हणाला, "इथे झोप. वहीत तुझं नाव घातलंय." स्वतः मुलुंडला मेहुण्याकडे राहायला गेला. म्हणायचा, खोलीत ढेकूण फार झालेत. मला कधी एवढे चावले नाहीत.

मी त्यानंतर वही सांभाळली, पूजा केली, पण सातचं पान उघडलं नाही. कुशाबाने घातलं नसेल तर? बोलण्यात माणूस सहज म्हणतो. पानावर अजून त्याचंच नाव असेल, तर खुंटी हितेंद्राची आणि मी चाळीस वर्षं उगाच झोपलोय. हितेंद्राने तर पान न् पान स्कॅन केलंय. त्याला सगळं माहीत आहे. तो फक्त वीस तारखेची वाट बघतोय.

वाळवी लागली तेव्हा वाईट वाटलं. थोडं हलकंही वाटलं. हे पान कोणाला दाखवायचं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळी हितेंद्र ड्युटीवरून थेट खोलीवर आला. चप्पलही काढली नाही, दारातच उभा राहिला.

"काका, फोन का नाही उचलत? सहा दिवस राहिले. वीस माणसांच्या घरचे मला विचारतात. वही द्या नाहीतर डबा द्या. दोन्हींवर तुम्ही बसलाय."

मी म्हटलं, वही नाही.

"नाही म्हणजे?"

"चौपाटीला सोडली. देवीचं नाव होतं."

तो खाली बसला, उंबऱ्यावरच. रामू उठून बसला.  मला वाटलं आता हा ओरडणार, मंडळाला फोन लावणार. पण हितेंद्र खांदे हलवत हसायला लागला. "बरोबर," म्हणाला. "माझ्या बाबांनीही तेच केलं असतं. रद्दीत नसती दिली." मग हसू आवरून म्हणाला, "म्हणजे आता खरंच तो डबाच आहे, काका."

मी गळ्यातली किल्ली काढली. ट्रंक उघडली.

रामू म्हणाला, "सापडली वाटतं."

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी आम्ही दोघे दुकानात गेलो. टिफिन माझ्याच हातात होता. नक्कल व्हायला उद्या दुपार होणार. मी संध्याकाळपर्यंत बसलो. दर्शनाबाईंनी मधे पोहे दिले, खाल्ले. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या चालीने सरकते. ती मी नऊ टक्क्यांपासून बघितली.

विचारलं, तुम्हाला आमच्या खुंट्या कशा माहीत.

"माझे आजोबा नायगावला होते," म्हणाल्या. "त्यांच्याही गावाची खोली होती. तिथे पण खुंट्याच."

हे मला सुचायला हवं होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

नक्कल झाल्यावर बाईंनी डब्याला हात लावला. डब्याच्या सुरुवातीला एक छोटा तुकडा जुन्या पद्धतीचा केला, सुरू होण्याची वाट त्यात नव्याने बसवली, मोठ्या सामानाला नवीन पद्धतच ठेवली. मी विचारत होतो, त्या सांगत होत्या. दोनदा काळा पडदा आला. तिसऱ्या वेळी जुगाईचा फोटो आला. मी पायातली चप्पल काढली.

हितेंद्राने वहीचं फोल्डर उघडलं. पानं झरझर खाली गेली. "सात बघायचंय ना?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं नव्हतं.

सातच्या पुढे कुशाबा गोविंद रहाटे असं लिहिलेलं. त्यावर सरळ एक रेघ. वर कुशाबाच्या तिरक्या अक्षरात: गंगाधर सखाराम पाष्टे. दसरा १९८५. मी राजीखुशीने माझी जागा सोडली. मागाहून माझ्या मुलाबाळांनी मागू नये. खाली सही.

मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. मग बाकीच्या एकवीस खुंट्या बघायला लावल्या. कुशाबाचं नाव दुसरीकडे कुठेच नाही.

"तुला माहीत होतं?"

"तीन वर्षांपूर्वी स्कॅन करताना वाचलं."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? तुम्हाला माहीत असेलच असं वाटलं. तुमचीच तर खुंटी."

दर्शनाबाई उगाचच स्क्रू शोधत होत्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार

यादी दिली, तीन दिवस आधी. सातला माझं नाव. डब्याच्या आता दोन नकला आहेत, एक हितेंद्राकडे, एक रामूच्या मुलीकडे. माझी काही हरकत नाही.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तीन वर्षं माहीत असून माणूस बोलत नाही, मला काका म्हणतो, दिवाळीला चिवडा आणून देतो, याचा अर्थ काय लावायचा? त्याच्या मनात काहीच नसेल हे मला पटवून घ्यायला वेळ लागेल.

हिला फोन केला. पान वाचून दाखवलं. म्हणाली, "त्या साली भावोजी हितं आलेले तवा मला म्हणाले, गंगाधरला मी कायतरी ढेकणांचं सांगितलंय, तू बोलू नको. म्हणून नाय बोलले." चाळीस वर्षं ती पण. आता हिच्यावर काय संशय घेऊ?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कॉम्प्युटर लावला, देवी आली. माझा व्हिडिओ उघडला. पूर्ण दोन तास बघितला, मधे चहासुद्धा केला नाही. गिरणीतल्या साच्यांचं, म्हणजे मागांचं, सांगितलंय मी, रात्रपाळीचं, संपाचं, गावाहून परत आलो तेही. मला जागा मिळाली, एवढंच म्हणालोय. कोणामुळे मिळाली ते नाही. दोन तासांत कुशाबाचं नाव एकदाही नाही. समोर त्याचा मुलगा मोबाईल धरून बसला होता आणि मधेमधे विचारत होता, "अजून काही आठवतं का काका? त्या वेळचं कोणी?" मी म्हटलं, नाही, झालं सगळं.

तेव्हा मला वाटलं होतं, हा माझ्याकडून काहीतरी काढून घेतोय.

दुपारी हितेंद्राला फोन लावला. विचारलं, येत्या रविवारी मोबाईल घेऊन येशील का, थोडं सांगायचं राहिलंय.

तो डॉकयार्डाच्या गोंगाटातून बाजूला आला. मग म्हणाला, "येतो."

मी म्हटलं, लांबेल कदाचित. मागच्यापेक्षा मोठं होईल. त्या डब्यात मावेल ना?

"आता मावतं, काका," म्हणाला. "कितीही बोला."